पोर्टनॉकीचाच आवाज हवा

३ सप्टेंबर

नवा आवाज घरी आला आणि चहा व्हायच्या आत डॉडने तो बंदही करून टाकला.

एल्गिनहून मिरेन आली होती. ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना पुन्हा बोलतं करायचं तिचं काम. मूळची ग्लासगोची, अजून तिशीही गाठलेली नाही, आणि बोलताना शब्दांतले ‘ट’ असे गिळते की पोरगी सकाळपासून उपाशी असावी असं वाटतं. तिने डॉडच्या मांडीवर पाटीएवढं यंत्र ठेवलं. त्याने टाइप करायचं, यंत्राने ते मोठ्याने म्हणायचं. माझ्या या थोरल्या भावाच्या शरीरातला एकेक स्नायू आजाराने संपावर पाठवलाय. जीभ उन्हाळ्यातच गेली. उजव्या हाताची बोटं मात्र अजून कामावर आहेत, आणि हट्टीपणाला तर काहीच झालेलं नाही.

यंत्र पहिलं वाक्य बोललं, “मला चहा मिळेल का?” आवाज लंडनच्या एखाद्या बँक मॅनेजरचा. डॉडने जेमतेम मान वळवून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. मिरेनने घाईघाईने दुसरा आवाज लावला. “हा स्कॉटिश आहे हं,” ती म्हणाली. होता खरा, पण एडिंबराच्या चांगल्या शाळेतला. डॉडने पुन्हा टाइप केलं आणि यंत्र त्याच आवाजात म्हणालं, “ही तर आमची नेटा. मिशा लावून आलीय.”

मग त्याने यंत्र पालथं घातलं.

माझा आवाज तसा अजिबात नाही. मला मुळात लहेजाच नाही. चाळीस वर्षं एडिंबरात एका मोठ्या दुकानाच्या तक्रारींच्या फोनवर बसले, मी कुठली ते एकालाही कळलं नाही. पोर्टनॉकीच्या कोळ्याच्या मुलीने हे जमवलं याचा मला अभिमान आहे.

इथे, पोर्टनॉकीत डॉडकडे, मी दोन आठवड्यांसाठी आलेय. तिकडच्या कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या मिसेस प्रिंगलना सांगून ठेवलंय.

५ सप्टेंबर

डॉड गप्प. तसा तो गप्पच आहे, पण आता टाइपही करत नाही. खुर्चीत बसून खिडकीतून बंदराकडे बघतो. सूप भरवायला गेले की तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो, जणू तेवढ्यापुरतंच त्याला तोंड आहे.

मिरेनने जाताना दारात मला थांबवलं. म्हणाली, “नेटा, बोटंही फार दिवस साथ देणार नाहीत. मग डोळ्यांनी यंत्र चालवायला शिकावं लागेल. पण आत्ताच गोडी लागली नाही तर तेव्हा लागणार नाही. माणसं आधी बोलणं सोडतात, मग बाकीचंही सोडत जातात.”

मी आत येऊन भांडी घासली. ती स्वच्छच होती.

९ सप्टेंबर

मिरेन हार मानणारी नाही. आज ती सगळा देश पेटीत भरून घेऊन आली.

झालं असं, की डॉडने बोलणं शाबूत असतानाच स्वतःचा आवाज नोंदवून ठेवायला हवा होता. डॉक्टरांनी सांगितलंही होतं. तेव्हा हा म्हणाला होता, “मी काय मेलोय?” आता वेळ गेली. दुसरा मार्ग एकच, उसना आवाज. कुणीतरी शेकडो वाक्यं वाचून द्यायची, ती ऐकून यंत्र त्याच्यासारखं बोलायला शिकतं. लोक आपणहून असे आवाज देऊन ठेवतात. मिरेनकडे त्यांचा मोठा साठा आहे.

तिने एकेक लावायला सुरुवात केली. पहिला शेटलंडचा, अर्ध्या गाण्यात बोलणारा. डॉडचं बोट हललं! किती दिवसांनी. “लरिक,” यंत्राने त्या बेटांवरच्या गावाचं नाव वाचून दाखवलं. “माणूस चांगला वाटतो. पण एवढं नाचत मला बोलता येणार नाही.”

मग हेब्रिडीजमधल्या लुइस बेटावरचा. मऊ, शब्द चवड्यांवर चालल्यासारखे, आणि ‘हो’ म्हणताना श्वास आत ओढणारा. “या आवाजात मी शिवी दिली तर लोक आमेन म्हणतील.”

डंडीचा आला. “सगळ्या स्वरांना यांनी एकाच खोलीत झोपवलंय.” हॉइकचा आला, थेट इंग्लंडच्या सीमेवरचा. “याला कुणीतरी सांगा, त्याची मेंढी सापडली.”

मग मिरेनने मोठ्या अभिमानाने ग्लासगोचा लावला. डॉडने पुरता ऐकला. “हा भांडतोय, की लग्नाला बोलावतोय?”

“दोन्ही,” मिरेन म्हणाली. “आमच्याकडे ते एकाच दिवशी असतं.”

डॉडच्या छातीतून घरघर आली. हसतो तेव्हा हल्ली तशीच येते. शेवटचा ॲबर्डीनचा होता. त्यावर तो थोडा थबकला. “जवळ आलो. पण हा शहरात राहतो, बसने फिरतो.” मग सावकाश एकेक अक्षर दाबत त्याने लिहिलं, “पोर्टनॉकी.”

“पण साठ्यात पोर्टनॉकीचा एकही नाही,” मिरेन म्हणाली. “गाव केवढं, त्यात तुमच्या वयाचा पुरुष…”

यंत्र म्हणालं, “पोर्टनॉकी.” लंडनच्या मॅनेजरच्या तोंडून आमच्या गावाचं नाव म्हणजे मासळीबाजारात पियानो.

१३ सप्टेंबर

मी दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. आज दुपारी स्वयंपाकघरात उमेदवार.

पहिले आले फिनेख्टीचे निवृत्त पोस्टमन. फिनेख्टी इथून चालत गेलं तर चहाच्या दोन कपांमधल्या अंतरावर आहे. मोठा गोड माणूस, येताना जॅमची बाटली घेऊन आला. त्याने दोन ओळी वाचल्या. डॉडने एकच शब्द लिहिला, “परदेशी.” बिचारा बाटली ठेवूनच गेला. दुसरे बकीहून. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि डॉडने डोळे मिटून घेतले, फार मोठ्या आवाजात संगीत लावल्यासारखे. तिसरे गावातलेच, पण कॅनडात वीस वर्षं काढून आलेले. यंत्र म्हणालं, “डाव्या कानाला बरा आहे.”

मिरेन म्हणाली, बाईचा आवाजही थोडा खाली आणून वापरता येतो. मी म्हटलं, मग मी देते. सख्खी बहीण. डॉडने लिहिलं, “आणि पैसे परत मागायचे असतील तर एक दाबा.”

मी खोलीतून निघून गेले. पायऱ्यांवर बसून हसले, पण ते त्याला कशाला सांगू?

१६ सप्टेंबर

दुकानात गेले होते. बेकरीच्या कपाटाशी वाकून बटरी, म्हणजे इकडच्या खारट चपट्या पोळ्या, शोधत होते. डॉडला आता खाता येत नाहीत, पण त्याला त्यांचा वास आवडतो. एवढ्यात मागून डॉड म्हणाला, “शेवटच्या चार राहिल्यात, सगळ्या नको नेऊस.”

माझ्या हातातली पिशवी पडली. क्षणभर मला खरंच वाटलं की तो उठला, चालत आला, माझ्या मागे उभा आहे. तोच जाड, खारवलेला आवाज, तेच शेवटचा शब्द घशात थोडा धरून ठेवणं.

वळले. ॲलेक वुड.

केस पांढरे झालेत, पण आहेत. निळा विणलेला स्वेटर, कोपराला ठिगळ, ठिगळ नीट लावलेलं. डोळे तसेच आहेत. मी त्याला धड काही बोललेच नाही. म्हटलं, “दोन तू घे.” त्याने घेतल्या.

१७ सप्टेंबर

रात्री झोप लागली नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

ॲलेक आणि डॉड एकाच गल्लीत वाढले, शाळेत एका बाकावर बसले, मग पंचवीस वर्षं एकाच बोटीवर, सुकाणूच्या एकाच चाकामागे उभे राहिले. आवाज एक होणारच. बोटीचं नाव होतं ख्रिस्तिना, आमच्या आईचं. मग मासे कमी झाले आणि सरकारने योजना काढली, बोट तोडायला द्या, भरपाई घ्या. ॲलेकचा हिस्सा मोठा, त्याने सही केली. यंत्राच्या जबड्याने बोट फोडली तेव्हा डॉड धक्क्यावर उभा होता. त्या दिवसापासून, वीस वर्षं झाली, गाव एवढंसं असून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. ॲलेक दिसला की डॉड रस्ता ओलांडायचा. आता तर रस्ताच ओलांडता येत नाही, मग खिडकीतून नजर फिरवतो.

आज मी ॲलेकच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्याने स्टोव्हचं दार उघडून पुन्हा लावलं.

“त्याने मला बोलावलंय?”

“त्याला माहीतच नाही.”

“मग कशाला आलीस? माझा आवाज त्याच्या तोंडात? त्यापेक्षा तो लंडनवाल्याला ठेवून घेईल.”

“ॲलेक, तो अजिबात बोलेनासा झालाय.”

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, “दोन ओळी देतो. नाव सांगू नका.” घर एकट्या पुरुषाच्या मानाने फारच नीटनेटकं होतं. कामाशी त्याचा काही संबंध नाही, पण दिसलं म्हणून लिहिलं.

२१ सप्टेंबर

मिरेनने फक्त ‘नमुना सात’ म्हणून लावला. डॉड एकदम स्थिर झाला. स्थिर तर असतोच, पण हे वेगळं. त्याने खूण केली, पुन्हा. मग अजून एकदा.

यंत्र म्हणालं, “ॲलेक वुड.”

मी आणि मिरेन, दोघी जमिनीकडे बघत राहिलो.

“नको,” यंत्र म्हणालं.

मिरेन गाडीत बसेपर्यंत रडली नाही, शाबास पोरगी. मिसेस प्रिंगलना फोन करून सांगितलं, अजून आठवडाभर पाणी घाला.

२४ सप्टेंबर

सकाळी डॉडचे केस विंचरत होते. त्याचं बोट हललं. तीन दिवसांनी. मला वाटलं, कंगवा लागला असेल.

“त्याला सांग, नीट उच्चार कर. गावात माझं नाव खराब होईल.”

मी म्हटलं, “म्हणजे हो?”

“मी नीट उच्चार म्हटलं.”

मी तशीच, हातात कंगवा घेऊन, कोटही न घालता ॲलेककडे धावले. वाटेत धुकं इतकं दाट होतं की दुसऱ्याच घराचं दार वाजवलं.

२ ऑक्टोबर

आवाज नोंदवायला आमची माळ्यावरची खोली निवडली, कारण तिथे सीगलचा गोंधळ कमी. खिडकीला गोधड्या लावल्या. ॲलेक आला तो काळ्या सुटात, टाय बांधून, बूट चकाकत.

“मायक्रोफोनला दिसत नाही,” मिरेन म्हणाली.

“मला दिसतं,” तो म्हणाला.

पण पंचाईत अशी झाली, की सुटाबरोबर आवाजानेही टाय बांधला. “मावशींनी कुंडी खिडकीपाशी ठेवली,” हे वाक्य त्याने असं वाचलं की मावशी वारल्या असाव्यात. मिरेनने सांगितलं, घरच्यासारखं वाचा. त्याने जोर लावला आणि थेट चर्चच्या व्यासपीठावर चढला. तासाभरात आमच्याकडे पाद्र्याचा उत्तम आवाज जमा झाला.

४ ऑक्टोबर

आज टाय नव्हता, पण पाद्री होताच. वाचून वाचून ॲलेक घामाघूम. मिरेनने कपाळाला हात लावला. शेवटी माझाच तोल गेला. मी म्हटलं, “ॲलेक, बोट तोडलीस तेव्हाही असाच गोड बोलत होतास का रे?”

तो उसळला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तोंडावर विचारलं असावं. आणि काय बोलला! ‘काय’ला ‘फिट’, ‘कुठे’ला ‘फार’, सगळं आपल्या गल्लीतलं, भिंतींवर आपटत.

“तिच्या तळाच्या फळ्या कुजल्या होत्या, बाई! अंगठा दाबला तर आत जायचा. तुझ्या भावाला दाखवलं तर म्हणाला, माझ्या आईला नावं ठेवतोस? आईला कोण नावं ठेवतंय? त्या हिवाळ्यात तो तिला घेऊन उत्तरेला जाणार होता. मी काय करायला हवं होतं? बोट मला नकोच होती. मला तो हवा होता, घरी, कोरडा!”

मिरेन हळूच म्हणाली, “हे सगळं नोंदलं गेलंय. आणि अप्रतिम आहे.”

ॲलेकने रुमालाने तोंड पुसलं आणि पुढचं वाक्य वाचलं. मावशी जिवंत झाल्या. आता कुंडी ठेवताना त्या पुटपुटतायत असंही ऐकू येत होतं.

मी खाली चहा करायला आले. डॉडची खोली बरोबर आमच्या खाली आहे. त्याने टीव्ही बंद केला होता, आणि कार्यक्रम त्याच्या आवडीचा चालू होता. कंटाळला असेल.

१९ ऑक्टोबर

ॲलेक एक दिवसाआड येतो. वाक्यं संपत आली. मी सूप जास्त करते, कारण तो आला की घसा कोरडा पडतो. त्यातला स्मोक्ड हॅडॉक मासा त्याला बटाट्यांपेक्षा जास्त आवडतो, म्हणून बटाटे कमी घालते. केस कापून आले, वाढलेच होते.

काम संपवून तो खालून परस्पर जातो, डॉडच्या दारावरून, पण आत बघत नाही. डॉड दाराकडे बघत असतो.

मिरेनला फोनवर पुढच्या वेळा सांगितल्या. ती म्हणाली, “नेटा, सावकाश बोला ना, मला निम्मं कळत नाहीये. आधी तुमचं सगळं कळायचं.” तिचा फोन बिघडलाय बहुतेक. मी नेहमीसारखीच बोलत होते. दुकानातल्या मुलीला तर पहिल्या फटक्यात कळलं. पहिल्या आठवड्यात तिनेच मला सुट्टीवर आलात का म्हणून विचारलं होतं, आता नुसतं ‘फिट लाइक’ म्हणते, म्हणजे कशी आहेस. ओळख झाली की माणसं बदलतात.

६ नोव्हेंबर

आवाज तयार व्हायला वेळ लागतो म्हणे. इकडे डॉडचं मधलं बोट गेलं. आता फक्त तर्जनी. मिरेनने डोळ्यांनी चालवायचं यंत्र आणून बसवलं. नजर अक्षरावर ठेवली की अक्षर उमटतं. आश्चर्य म्हणजे डॉड न कुरकुरता शिकतोय. घाम येईपर्यंत. मी म्हटलं, पुरे आज. त्याने डोळ्यांनी लिहिलं, “मला काहीतरी बोलायचंय.”

“मग बोल की.”

“या आवाजात नाही.”

आज त्याला गिळताना जोरात ठसका लागला, निळा पडला होता. हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय.

१५ नोव्हेंबर

आज आवाज आला.

मिरेन सकाळीच आली. मी ॲलेकला निरोप दिला होता, पण येईल असं वाटलं नव्हतं. आला. स्वेटरमध्ये. पहिल्यांदाच डॉडच्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि टोपी हातात धरून भिंतीशी उभा राहिला, दंतवैद्याकडे उभं राहतात तसा.

डॉडने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. डोळे हलू लागले. आम्ही वाट बघतोय. आणि खोलीत माझा भाऊ बोलला, “फिट लाइक, ॲलेक?”

मी पलंगाची कड धरली.

ॲलेकने घसा साफ केला. “ठीक आहे. तू?”

“बरा दिसत नाही, पण आवाज चांगला लागलाय.”

मिरेन हसली, मी हसले, ॲलेकला हसावं की नाही कळेना. डॉडचे डोळे पुन्हा हलू लागले. या वेळी फार वेळ. मग ॲलेकचाच आवाज, स्वच्छ, खणखणीत, म्हणाला, “मी बोट तोडायला द्यायला नको होती.”

ॲलेक भिंतीपासून सुटला. “हे मी कधीही म्हणालो नाही!”

“आत्ता म्हणालास. तिघांनी ऐकलं.”

“लबाडा! वीस वर्षं थांबलास, आणि माझ्याच घशातून काढून घेतलंस?”

डॉडच्या छातीत घरघर सुरू झाली, इतकी की मी पुढे सरसावले, पण ते हसणंच होतं. ॲलेकही हसायला लागला, भिंतीला टेकून, टोपीने डोळे पुसत. मिरेनने मला कोपर मारलं.

हसणं ओसरलं तरी डॉड लिहीत होता.

“तळाच्या फळ्या कुजल्या होत्या. मलाही माहीत होतं. तू केलंस ते बरोबर केलंस.”

ॲलेक हळूहळू खुर्चीशेजारी खाली बसला, गुडघे कुरकुरले. त्याने विचारलं, “हे कोण म्हणतंय? तू की मी?”

डॉडने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

“बोटीवर कधी फरक केला होता का?”

ॲलेकने त्याचा हात हातात घेतला. मला चहाचं आठवलं. मिरेनही माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि आम्ही दोघी किटलीपुढे उभ्या राहून नाकं पुसत राहिलो. फळ्यांचं त्याला आजच कसं सुचलं, देव जाणे.

३० नोव्हेंबर

डॉड आता गप्प बसत नाही. फुटबॉलवाल्यांना शिव्या देतो, पाद्र्याला सुधारतो, फिनेख्टीच्या पोस्टमनला बोलावून घेऊन जॅमची स्तुती करतो आणि त्याच्या उच्चारांची चेष्टा करतो. रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागतं. मिरेन सांगते, हिवाळा जपून काढायचा. काढू.

ॲलेक रोज येतो. दोघं खिडकीशी बसून आत येणाऱ्या बोटींना नावं ठेवतात, एकाच आवाजात. मिसेस प्रिंगलना कळवलं की कुंड्या तुम्हीच ठेवून घ्या.

एक अडचण मात्र आहे. मी वर असते आणि खालून हाक येते, “नेटा, चहा टाक गं.” कोण बोलावतंय ते वरून काही कळत नाही. म्हणून हल्ली मी केस विंचरूनच खाली येते.